पाचशे ओळखी, जामीन कोण?

या आठवड्याच्या टपालात पिंपळगाव राजाहून आलेलं एक पत्र आहे. पिंपळगाव राजा म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलं, खामगाव तालुक्यातलं गाव. पत्र लिहिणारी मैत्रीण नववीत शिकते. तिच्या दादानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि मोबाईलवर लिंक्डइनचं खातं उघडलं. सहा महिन्यांत त्याच्या खात्यावर पाचशेच्या वर ओळखी जमल्या. एखाद्या सर्टिफिकेटचा फोटो टाकला, की शे-दीडशे जण अभिनंदन करतात. रोज रात्री जेवण झालं की दादा अंगणात बसून दहा-वीस कंपन्यांना अर्ज धाडतो. मुलाखतीचं बोलावणं मात्र अजून एकही नाही. आई म्हणते, आता तो फोन ठेव. बाबा म्हणतात, "बाजारात साऱ्यांना रामराम घातला, अन् सौदा एकाशीबी नाही, असं आहे हे."

मैत्रीण विचारते : ही साइट पहिल्यापासून अशीच होती, की आता बिघडली? आणि मी मोठी होईन तेव्हा ती उरेल का?

छान प्रश्न आहे. पुष्कळ घरांत सध्या हाच वाद चालू असणार. म्हणून आईबाबांनाही हे पान वाचायला द्या, बरं का!

आधी ही साइट म्हणजे काय ते पाहू. फेसबुकवर लोक लग्नाचे, सहलीचे फोटो टाकतात. लिंक्डइनवर माणूस आपलं शिक्षण, आपलं काम, आपली कौशल्यं मांडतो. ज्यांच्याबरोबर शिकला, ज्यांच्या हाताखाली राबला, त्यांच्याशी नातं जोडतो. त्या ओळखींच्या ओळखीही त्याला दिसतात. म्हणजे कामधंद्याच्या ओळखींची एक भलीमोठी वहीच म्हणा ना!

पण अशी वही काही कॅलिफोर्नियातल्या लोकांना पहिल्यांदा सुचलेली नाही. आपल्या मैत्रिणीनं एस.टी.नं खामगाव गाठलं, तर तिला तिथे फार जुनी गोष्ट सापडेल. जलंबहून खामगावला जाणारा रेल्वेचा छोटासा फाटा आहे ना? तो १८७० साली सुरू झाला, आणि कशासाठी? कापसासाठी! वऱ्हाडचा कापूस खामगावच्या बाजारात यायचा, तिथून मुंबईला आणि पुढे बोटीनं विलायतेला जायचा. तेव्हा असल्या व्यापारात पैशाची थैली घेऊन कोण हिंडणार? वाटेत चोर, दरोडेखोर. म्हणून व्यापारी हुंडी लिहायचे. हुंडी म्हणजे एका गावच्या सावकारानं दुसऱ्या गावच्या सावकाराला लिहिलेली चिठ्ठी : 'ही घेऊन येणाऱ्याला इतके रुपये द्या.'

आता गंमत पाहा. समजा, ती चिठ्ठी वाटेत कुणी चोरली तर? यावर व्यापाऱ्यांनी तोड काढली होती. शहाजोग हुंडी नावाचा एक प्रकार होता. तिचे पैसे कुणाही सोम्यागोम्याला मिळत नसत. बाजारात पत असलेल्या माणसाला, म्हणजे 'शहा'ला, ती दाखवावी लागे. आणि ती हुंडी चोरीची किंवा खोटी निघाली, तर पैसे घेणाऱ्या त्या शहालाच ते व्याजासकट परत करावे लागत. म्हणून शहा आपलं नाव कुणाच्याही हुंडीला लावत नसे. दहादा विचारायचा, "तू कुणाचा? कुठून आलास? तुला कोण ओळखतं?"

हा शहा नीट लक्षात ठेवा. आजच्या साइट सुधारल्या की बिघडल्या, हे मोजायला आपल्याला त्याचाच उपयोग होणार आहे. माझ्या मते प्रश्न असा विचारायला हवा : ओळख सांगणाऱ्याचं स्वतःचं काही पणाला लागलंय का? शहाचे पैसे आणि पत दोन्ही पणाला लागायचे. म्हणून त्याच्या शब्दाला वजन होतं. खामगावला आज लोक 'रजतनगरी' म्हणतात, ते तिथल्या चांदीच्या शुद्धतेमुळे. चांदीच्या वस्तूवर पेढीचा शिक्का असतो. वस्तू हिणकस निघाली, तर गिऱ्हाईक त्या पेढीची पायरी पुन्हा चढत नाही. तिथेही तोच हिशेब.

पण थांबा! जुनं ते सगळं सोनं (किंवा चांदी) असं मी म्हणत नाहीये. ओळखीवर चालणाऱ्या कारभाराची दुसरी बाजू फार कडू आहे, आणि तीही तुम्हाला ठाऊक हवी.

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली. मग गिरण्या वाढत गेल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसांचे लोंढे मुंबईला येऊ लागले. गावाकडचा पोरगा बोटीतून नाहीतर आगगाडीतून उतरायचा तो थेट आपल्या गावच्या खोलीवर जायचा. गिरणगावात एकेका गावाच्या खोल्या असत. एका खोलीत वीस-तीस माणसं, पाळीपाळीनं झोपायची. तिथलाच एखादा काका म्हणायचा, "उद्या चल माझ्याबरोबर, जॉबरला सांगतो." जॉबर म्हणजे मुकादम. गिरणीच्या फाटकावर कामाला घ्यायचं कुणाला, काढायचं कुणाला, हे त्याच्या हातात. तो सहसा आपल्या गावचे, नात्यातले, ओळखीतले लोक भरायचा. पोरगा नीट काम करेल याची हमी खोलीवरचा काका द्यायचा. पोरानं कामचुकारपणा केला, तर काकाची मान खाली!

इथवर छान वाटतं, नाही? पण हळूहळू जॉबरच्या लक्षात आलं, की आपण फाटक अडवून बसलोय. मग तो दस्तुरी मागू लागला. काम हवंय? पैसे दे. काम टिकवायचंय? पुन्हा दे. व्याजानं कर्जही तोच द्यायचा आणि वसूलही तोच करायचा. ज्याची ओळख त्याला काम, यातलं 'ओळख' पुसलं गेलं आणि 'दस्तुरी' लिहिलं गेलं.

आणि ज्यांना ओळखच नव्हती त्यांचं काय? दलित कामगारांना बहुतेक गिरण्यांच्या विणकाम खात्यात पायच ठेवू देत नसत. का? तर धाग्याला तोंड लावून तो ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. विणकाम खात्यात पगार चांगला, म्हणून हे नुकसान साधं नव्हतं. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे पुढे आणला. तेव्हा ओळखीची साखळी ही कुणासाठी शिडी असते, तर कुणासाठी बंद दाराची कडी, हे विसरून चालणार नाही.

१९३१ साली ब्रिटिश सरकारच्या कामगार आयोगानं अहवालात सांगितलं, की भरतीचं काम जॉबरच्या हातातून काढा. १९३५ पासून मुंबईत बदली कामगारांना कार्ड द्यायची पद्धत आली. पुढे १९४५ साली, महायुद्ध संपताना, सुटून आलेल्या सैनिकांसाठी रोजगार विनिमय केंद्रं निघाली. त्यालाच तुमचे आईबाबा 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज' म्हणतात. विचारा त्यांना! नाव नोंदवायचं, कार्ड जपून ठेवायचं, मुदत संपायच्या आत नूतनीकरण करायचं, आणि पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून 'कॉल'ची वाट पाहायची. १९५९ साली तर कायदाच झाला, की ठरावीक आस्थापनांनी आपल्या रिकाम्या जागा या केंद्राला कळवल्याच पाहिजेत.

इथे वशिला नको, दस्तुरी नको. नोंदणीचा क्रमांक बघायचा. न्याय्य पद्धत होती, यात शंका नाही. अडचण एवढीच, की कार्डावर नाव, शिक्षण आणि तारीख असे. हा मुलगा यंत्राचा आवाज ऐकून बिघाड ओळखतो, ही गोष्ट लिहायला त्या कार्डावर रकानाच नव्हता! शिवाय रांग एवढी लांब, की कित्येकांचं वय उलटून गेलं तरी कॉल आला नाही.

म्हणजे जॉबरकडे ओळख होती पण न्याय नव्हता, आणि कार्डाकडे न्याय होता पण ओळख नव्हती. मग इंटरनेट आलं आणि म्हणालं, दोन्ही घ्या!

डिसेंबर २००२ मध्ये अमेरिकेत रीड हॉफमन आणि त्याच्या साथीदारांनी हॉफमनच्या घराच्या दिवाणखान्यात लिंक्डइनची कंपनी स्थापली. ५ मे २००३ ला साइट सुरू झाली. पहिल्या महिन्यात सभासद किती? फक्त साडेचार हजार. तेव्हाचा कारभार कसा होता पाहा. एखाद्या अनोळखी साहेबाला निरोप धाडायचा असेल, तर तुमची आणि त्याची दोघांची ओळख असलेला मधला माणूस शोधायचा. तो तुमचा निरोप पुढे देणार. पटलं नाही तर देणार नाही! ओळखलंत ना त्याला? हा तर आपला शहाच की! निरोप पुढे देताना त्याची पत खर्च होत होती, म्हणून तो सांभाळून खर्च करायचा.

आता या मधल्या माणसाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पिंपळगावच्या दादाला सगळ्यात जास्त उपयोग याचाच आहे.

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाचा एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात, नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना भेटून तो विचारत असे, "ही नोकरी तुम्हाला कशी कळली?" ओळखीतून, असं कुणी सांगितलं की त्याचा पुढचा प्रश्न, "त्या माणसाला तेव्हा तुम्ही किती वेळा भेटत होता?" तुम्हाला काय वाटतं? जिवलग मित्र, रोज भेटणारे लोक, हेच उपयोगी पडले असतील ना? छे! ओळखीतून नोकरी मिळालेल्यांत, नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून ती कळली असं सांगणारे शंभरात जेमतेम १७ निघाले. साधारण ५६ जणांना अधूनमधून भेटणाऱ्यानं सांगितलं होतं, आणि जवळजवळ २८ जणांना तर वर्षाकाठी एखाद्या वेळी किंवा त्याहूनही कमी भेटणाऱ्या माणसानं! "तुमच्या मित्रानं सांगितलं का?" असं विचारलं की लोक त्याला दुरुस्त करायचे, "मित्र नाही हो, नुसती ओळख." हा अभ्यास १९७३ साली छापून आला आणि 'कच्च्या धाग्यांची ताकद' म्हणून जगभर गाजला.

असं का होत असेल? सोपं आहे. तुमच्या जिवलग मित्राला जे ठाऊक असतं, ते बहुतेक तुम्हालाही ठाऊक असतं. दोघांचा पार एकच, चहाची टपरी एकच. पण चाकणला गेलेला आत्याच्या दिराचा मुलगा? त्याच्या जगातल्या बातम्या तुमच्यापर्यंत येतच नाहीत. दादाचे सगळे सोयरे खामगाव, नांदुरा, मोताळा याच पट्ट्यात असतील, तर बुटीबोरीच्या कारखान्यात जागा निघाली हे त्याला घरबसल्या कळणार कसं?

म्हणून बाबांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. बाजारात रामराम घातल्याशिवाय सौद्याची बातमी तरी कशी कळेल?

२०२२ साली याची मोठी परीक्षाही झाली. लिंक्डइनच्या दोन कोटी सभासदांच्या पाच वर्षांच्या माहितीवरून संशोधकांनी पाहिलं, की अगदी परके नाहीत आणि अगदी जवळचेही नाहीत अशा मधल्या ओळखी नोकरी मिळायला सगळ्यात जास्त उपयोगी पडतात. (यात एक गोम आहे. 'यांना तुम्ही ओळखता का?' अशी नावं साइट सुचवते ना, त्यात मुद्दाम फरक करून हा प्रयोग झाला. कुणाला कसली नावं दाखवायची हे कंपनीनं ठरवलं, आणि आपण प्रयोगात आहोत हे त्या दोन कोटींना कुणी खास सांगितलं नव्हतं. त्यावर टीकाही झाली, आणि मला ती रास्त वाटते.)

मग बिघडलं कुठे?

साइटला पैसे कोण देतं ते आधी बघा. माणसं शोधणाऱ्या कंपन्या देतात, जाहिरातदार देतात, आणि जास्तीच्या सोयी हव्या असलेले सभासद देतात. वहीत जितकी जास्त नावं, जितका जास्त वेळ लोक त्यात डोकं घालून बसणार, तितकी कमाई जास्त. २०१६ साली मायक्रोसॉफ्टनं ही वही विकत घेतली, २,६२० कोटी डॉलरना! २०२३ साली सभासदांनी शंभर कोटींचा आकडा ओलांडला. त्यात भारतातले दहा कोटींहून जास्त होते, म्हणजे अमेरिकेच्या खालोखाल आपणच. २०२१ मध्ये साइट हिंदीत आली, २०२४ मध्ये मराठीतही आली.

एवढ्या गर्दीत मधल्या माणसाची परवानगी घेत बसायला वेळ कुणाला? निरोप पुढे देण्याची ती जुनी रीत गेली. २०१२ साली नवी सोय निघाली. मित्राच्या कौशल्यापुढे नुसतं बोट टेकवायचं, झाली शिफारस! 'याला वेल्डिंग येतं' असं सांगायला वेल्डिंगची ठिणगी पाहिलेली असण्याची गरज उरली नाही. तू माझ्यावर बोट टेकव, मी तुझ्यावर टेकवतो. फुकटची शिफारस, म्हणून तिची किंमतही तेवढीच.

अर्जांचंही तसंच झालं. पूर्वी अर्ज म्हणजे फुलस्केप कागद, सुवाच्य अक्षर, टंकलिखित प्रती, पाकीट, तिकीट. चार ठिकाणी पाठवताना माणूस विचार करायचा. आता एका बटणावर अर्ज जातो आणि तो लिहूनही यंत्रच देतं. २०२५ च्या जूनमधली बातमी आहे : लिंक्डइनवर दर मिनिटाला सरासरी अकरा हजार अर्ज येत होते, आणि वर्षभरात अर्ज ४५ टक्क्यांहून जास्त वाढले होते. दर मिनिटाला! तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत हजारभर अर्ज पडले असतील. ते वाचणार कोण? मग अर्ज चाळायलाही यंत्रच बसवतात. इकडे यंत्र लिहितं, तिकडे यंत्र वाचतं, आणि दादा अंगणात बसून राहतो.

भिंतीवरच्या मजकुराची तर बातच सोडा. 'मुलाखतीला उशीर झाला, वाटेत एका कुत्र्याला पाणी पाजलं, आत गेलो तर साहेब म्हणजे तोच कुत्रा', अशी थट्टा लोकच करतात! प्रत्येकाला रोज काहीतरी थोर शिकायला मिळतं. गंमत म्हणजे मजकूर लिहून देणारं यंत्र कंपनीनं सभासदांच्या हाती दिलं, पण ते अपेक्षेइतकं चाललं नाही, असं २०२५ मध्ये कंपनीच्या प्रमुखानंच सांगितलं. कारणही मासलेवाईक दिलं. इथे माणूस आपल्या खऱ्या नावानं साहेबांसमोर, गिऱ्हाइकांसमोर उभा असतो, उसना मजकूर पकडला गेला तर अब्रू जाते. ऐकलंत? अब्रू पणाला लागली, की माणूस अजूनही सावध होतो.

इथवर थट्टा झाली. आता जे सांगतो ते नीट ऐका, आणि घरात मोठ्यांदा वाचून दाखवा.

अशा गर्दीत खोटे मुकादमही शिरतात. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं जाहीर इशारा दिला होता. थायलंडमध्ये भरपूर पगाराची नोकरी, अशा जाहिराती समाजमाध्यमांवर दाखवून कॉम्प्युटर जाणणाऱ्या भारतीय मुलांना बोलावलं जात होतं. तिथे पोचल्यावर त्यांना बेकायदा सीमेपार, बहुतेकांना म्यानमारमध्ये, नेलं गेलं. तिथे त्यांना डांबून ठेवून फोनवरून आणि इंटरनेटवरून लोकांना फसवायच्या कामाला जुंपलं गेलं. शिकलेली, हुशार पोरं होती ही! त्यांना बोलावणाऱ्यांचीही कागदावर छान नावं होती, कंपन्यांच्या छान खुणा होत्या.

म्हणून एक नियम पाठच करा. नोकरी देण्याआधी 'नोंदणी फी', 'ट्रेनिंगची अनामत', 'लॅपटॉपचे पैसे' असं काहीही मागितलं, की तो जुना दस्तुरीवाला जॉबरच समजायचा, मग साइट कुठलीही असो. पैसे गेलेच, तर लाजून घरात गप्प बसायचं नाही. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करायचा. सायबर फसवणुकीसाठी सरकारनं ही सोय केली आहे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

आता मैत्रिणीचा दुसरा प्रश्न. ती मोठी होईपर्यंत हे सगळं उरेल का?

अशा साइट मरतात, हे तर दिसतंच आहे. फ्रान्समध्ये व्हिआडिओ नावाची अशीच साइट २००४ साली निघाली, २०१६ साली दिवाळखोरीत गेली आणि एका वृत्तपत्र समूहानं ती घेतली. जर्मनीत झिंग नावाची साइट २००३ पासून आहे. तिनं २०२३ च्या सुरुवातीला सभासदांचे गट आणि मेळावे बंद केले आणि नोकऱ्या शोधायच्या कामावर भर दिला. म्हणजे ओळखींचा पार मोडला आणि नोटीस बोर्ड ठेवला. आपल्याकडे उलट दिशेनंही पावलं पडली. २०१९ साली निघालेल्या 'अपना' या ॲपनं सुतार, रंगारी, वीजतंत्री, डिलिव्हरीवाले यांना डोळ्यांपुढे ठेवलं. इंग्रजी झाडणाऱ्या साहेबलोकांनाच ओळखींची वही कशाला, हा विचार मला आवडतो.

लिंक्डइननं २०२३ पासून भारतात डिजिलॉकरमार्फत आधार दाखवून नावापुढे खात्रीची खूण मिळवायची सोय केली. चांगलं झालं, खोटी खाती ओळखायला मदत होईल. पण त्यानं काय सिद्ध झालं? हा माणूस तोच आहे, एवढंच. तो कसा आहे, हे आधार सांगत नाही. लेथवर त्याचा हात स्थिर आहे का, शब्द दिलेल्या वेळेला तो येतो का, हे त्याच्याबरोबर काम केलेला माणूसच सांगू शकतो.

त्यामुळे माझा अंदाज असा : यंत्रानं लिहिलेले गोड अर्ज जसजसे वाढतील, तसतशी शहाची किंमत पुन्हा चढेल. लोक लहान लहान, तोंडओळखीच्या वर्तुळांकडे वळतील. मुंबईत रेल्वेतले निवृत्त इंजिनीअर माधवराव भिडे यांनी २००० साली मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लब सुरू केला. तिथे लोक प्रत्यक्ष भेटतात आणि एकमेकांना गिऱ्हाईक सुचवतात. सुचवलेल्यानं काम बिघडवलं, तर पुढच्या बैठकीत तोंड दाखवायचं असतं! ही धास्ती कुठल्याही बटणात नाही. साइट उरतीलही, पण पत्त्याच्या वहीसारख्या. वर्तुळं लहान झाली, की गिरण्यांतला तो जुना रोग परत येणार का, आपल्या जातीचा आपल्या गावचा तेवढा आत आणि बाकी फाटकाबाहेर, ही भीती मात्र मला आहे.

आता दादासाठी थोडं. मैत्रिणीनं पत्रात लिहिलंय, की त्यानं कापसाच्या हंगामात दोन महिने एका जिनिंगमध्ये काम केलं होतं. अरे, मग ते खात्यावर का नाही? तिथल्या फोरमनला जाऊन भेटावं. 'हा मुलगा अमुक महिन्यात माझ्या हाताखाली होता, अमुक यंत्राची दुरुस्ती त्यानं केली', अशा चार ओळी त्यांच्याकडून, त्यांच्या नावानिशी आणि फोन नंबरानिशी मागाव्यात. त्या चार ओळी दीडशे अभिनंदनांहून भारी आहेत.

मग आपल्याच पॉलिटेक्निकमधले दोन-तीन वर्षं पुढचे विद्यार्थी शोधावेत. चाकण, वाळूज, बुटीबोरी, कुठे ना कुठे ते लागलेच असतील. हेच ते मधले धागे! त्यांना 'सर, जॉब असेल तर सांगा' असं लिहू नये, असले निरोप त्यांना रोज येतात. असं लिहावं : 'नमस्कार. मी आपल्याच कॉलेजचा, आपल्यानंतर तीन वर्षांनी बाहेर पडलो. जिनिंगच्या यंत्रांवर दोन महिने काम केलंय. तुमच्या कारखान्यात नव्या माणसाला पहिल्या वर्षी काय काम देतात, आणि त्यासाठी मी आता काय शिकू, एवढं सांगाल का?' दहातले दोन तरी उत्तर देतील. रोज वीस अर्जांऐवजी आठवड्याला असे तीन निरोप लिहावेत, आणि उरलेल्या वेळात फोन ठेवावा, म्हणजे आईचंही ऐकल्यासारखं होईल!

आणि मैत्रिणी, तू मात्र थोडी थांब. लिंक्डइनवर खातं उघडायला सध्याच्या नियमाप्रमाणे १६ वर्षं पूर्ण लागतात. शिवाय २०२३ साली आपल्या संसदेनं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा केला, त्यात अठराच्या आतल्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती सांगितली आहे. तोवर तुला आणि आपल्या सगळ्याच वाचकांना एक काम देतो. ग्रॅनोव्हेटरसाहेबांनी न्यूटन गावात केलं ते आपण आपल्या गावात करू. शेजारच्या, नात्यातल्या दहा मोठ्या माणसांना विचारा : तुम्हाला पहिलं काम कसं मिळालं? कुणाकडून कळलं? त्या माणसाला तेव्हा तुम्ही रोज भेटत होता, अधूनमधून, की वर्षाकाठी एकदा? आणि तुमच्यासाठी त्यानं कुणापाशी शब्द टाकला होता का? शिक्षक, शेतमजूर, एस.टी.चे कंडक्टर, शिवणकाम करणाऱ्या मावश्या, सगळ्यांना विचारा. कुणाचंही नाव लिहू नका, फक्त काम आणि उत्तर लिहा. एका कागदावर तीन रकाने आखा आणि महिनाअखेरपर्यंत आमच्या पत्त्यावर धाडून द्या. सगळ्या गावांची बेरीज करून आकडे याच पानावर छापू.